एकोणीस वर्षांची दरी

१९७०-७५ या काळात भारतीयांचं जन्मवेळचं सरासरी आयुर्मान ४९.७ वर्षं होतं. केरळात ते ६२ होतं आणि उत्तर प्रदेशात ४३, महाराष्ट्र ५३.८ वर. उत्तर प्रदेशातली माणसं त्रेचाळिशीत मरत होती असा याचा अर्थ नव्हे. पाळण्यातले मृत्यू सरासरी खाली ओढतात. मूल पाच वर्षांचं झालं की राज्याराज्यांतलं हे अंतर बरंच कमी व्हायचं.

दरी जुनी, पण नकाशा नेहमी असा नव्हता. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने सर्वांत जबर तडाखा दिला तो मुंबई इलाखा, मध्य प्रांत आणि वऱ्हाडाला. बंगाल त्या मानाने वाचला. साथ जूनमध्ये मुंबईत दिसली, जीवघेणी लाट सप्टेंबरपासून उसळली. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महागलं होतं. अर्धपोटी माणसाला तो ताप झेपला नाही. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. मुंबई इलाखा घटला; बंगाल आणि मद्रास वाढले.

पैसा तिथे आयुष्य, हे गणितही जुळत नव्हतं. गिरण्यांच्या श्रीमंत मुंबईत १९२१ साली दर हजार नोंदल्या जन्मांमागे सहाशेहून अधिक तान्ही मुलं दगावली. आकडा थोडा फसवा आहे खरा: बायका बाळंतपणाला गावी जायच्या, जन्म शहराच्या वहीत यायचाच नाही, आणि मूल दगावायचं चाळीतल्या एका खोलीत. ही सूट देऊनही तो भयंकरच.

केरळाचं श्रेय अनेकजण तिथल्या हवापाण्याला देतात. मला ते पटत नाही. आजच्या केरळाच्या दक्षिणेकडच्या त्रावणकोर संस्थानाने १८७९ मध्येच सरकारी नोकर, विद्यार्थी आणि कैद्यांना देवीची लस सक्तीची केली. मुलींच्या शाळाही तिथे लवकर रुजल्या. थेट ब्रिटिश अमलाखालचा उत्तरेकडचा मलबार मात्र मागेच राहिला, आणि पाऊस तर दोघांनाही सारखाच होता! १९५६ मध्ये दोन्ही एका राज्यात आल्यावर मलबार हळूहळू बरोबरीला येऊ लागला. सत्तरच्या दशकात केरळचं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमीच होतं.

२०१४-१८ मध्ये केरळ ७५.३ वर होतं, महाराष्ट्र ७२.५ वर आणि उत्तर प्रदेश ६५.३ वर, म्हणजे केरळाच्या १९७०-७५ च्या आकड्यापुढे जेमतेम सव्वातीन वर्षं.