जनुकं सारखी, म्हणून साठा एकच?

धरणात रोहू-कटल्याचं बीज सोडायचं, दोन हंगामांनी मासे काढायचे, हे नाशिकात कुणाला शिकवायला नको. गोंधळ समुद्राच्या बाबतीत होतो. तिथे साठा म्हणजे स्वतःच्याच विणीवर टिकून असलेला माशांचा गट. विणीच्या दोन जागांबद्दल अनेकदा ऐकू येतं: ‘दोन्हीकडच्या माशांच्या डीएनएत फरक नाही, मग इकडचा संपला तरी तिकडून येईल.’ हा निष्कर्ष साफ चुकीचा.

बांगडा, सुरमई यांची अंडी पाण्यात तरंगतात, पिल्लं प्रवाहाबरोबर वाहतात. विणीच्या दोन जागांमध्ये थोडी ये-जा राहतेच, आणि जनुकं सारखी राहायला थोडीच लागते. जनुकीय फरकाचं माप एफएसटी. त्याचं साधं सूत्र: १ भागिले (४ × दर पिढीला बाहेरून येऊन विणारे मासे + १). एक आला तर ०.२, दहा आले तर ०.०२४, शंभर आले तर ०.००२५. हा शेवटचा आकडा नमुन्याच्या चुकीतच हरवतो. सूत्रात माशांची संख्या आहे, साठ्यातला वाटा नाही, हे नेमकं विसरलं जातं. दहा लाखांच्या साठ्यात शंभर म्हणजे दहा हजारांत एक. जनुकं मिसळायला तेवढे भरपूर, पण जाळ्यात गेलेल्या लाखोंची जागा ते कशी भरणार? निफाड आणि दिंडोरीच्या थॉमसन द्राक्षांची जनुकं जवळपास एकच. पण म्हणून काही गारपिटीत निफाडची बाग गेली तर दिंडोरीचे घड तिथे लागत नाहीत.

उलट, खरा फरक सापडला तर साठे वेगळे, यात फारसा वाद नाही. फक्त फरक कुठे शोधला ते बघा. अटलांटिकमधल्या वसंतात आणि शरदात विणाऱ्या हेरिंग माशांमध्ये बहुतेक जनुकांत फरक नगण्य. पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचल्यावर टीएसएचआरसारख्या मोजक्या जनुकांपाशी तो ठळक दिसला.

आणि डीएनए तपासायला कृपा करून बाजारातल्या बर्फाच्या पेटीतून नमुने घेऊ नका. पेटीत अनेक बोटींचा माल असतो, शिवाय चरायला आलेले वेगवेगळ्या विणींचे मासे एकत्र असतात. असलेला फरकही पुसला जातो. विणीच्या जागीच, पोटावर हलकं दाबताच पारदर्शक अंडी सोडणारी मादी घ्या. पराचा (पोहायच्या पंखाचा) नखाएवढा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा; फॉर्मॅलिनमध्ये डीएनए खराब होतो. प्रत्येक जागेचे पन्नासेक नमुने, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तितकेच. कारण एखाद्या हंगामात मोजक्याच आईबापांची पिल्लं जगतात आणि योगायोगाचा फरक वेगळ्या साठ्यासारखा दिसतो.

डीएनएच्या जोडीला एकच पुरावा परवडत असेल तर माशाच्या कानात थराथरानं वाढणाऱ्या खड्याचं (ओटोलिथचं) रसायन तपासा. मासा कोणत्या पाण्यात वाढला, हे त्याच्या थरांत उतरलेलं असतं.