कोंबड्यांतील देवी

कोंबड्या, टर्की व इतर पक्ष्यांना होणारा विषाणुजन्य रोग. तो सर्व वयांत आढळतो. मात्र पिल्ले व तलंगा (अंडी घालू न लागलेल्या तरुण कोंबड्या) यांना अधिक नडतो. कारक विषाणू पॉक्सव्हिरिडी कुलातील अ‍ॅव्हिपॉक्सव्हायरस प्रजातीचा असून माणसाला त्याची बाधा होत नाही. परिपाक काल (लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) साधारणतः 4 ते 10 दिवसांचा असतो.

रोगाची दोन रूपे आहेत. कोरड्या रूपात तुरा, पापण्या व चोचीखालील लोंबते मांसल भाग यांवर पुटकुळ्या उठून तपकिरी खपल्या धरतात. पापण्या चिकटलेल्या पिल्लाला दाणा दिसत नाही व ते उपासमारीने खंगते. ओल्या रूपात तोंडात व घशात पिवळसर पापुद्रे येतात, ते ओढल्यास रक्त येते आणि श्वासनलिका बुजल्यास पक्षी गुदमरून मरतो. ही रूपे दीर्घकाळ स्वतंत्र रोग मानली जात. बोलिंगर यांनी 1873 मध्ये बाधित पेशींतील अंतर्वेशी पिंडांचे (विषाणुबाधेमुळे पेशीत तयार होणाऱ्या सूक्ष्म गोळ्यांचे) वर्णन केले, तर मार्क्स व श्टिकर यांनी 1902 मध्ये कारक घटक सूक्ष्मजंतू अडविणाऱ्या गाळण्यांतून पार होतो, असे दाखविले. रोगाचे एकत्व मात्र त्यानंतरच्या काही वर्षांत सर्वमान्य झाले असावे.

क्लिग्लर, मकेनफस व रिव्हर्स यांनी 1929 मध्ये क्युलेक्स व एडिस डासांकरवी रोगप्रसार सिद्ध केला. डासाच्या शरीरात विषाणू वाढतो की त्याच्या सोंडेवरून केवळ वाहिला जातो, याविषयी मतभेद झाले. त्यांपैकी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. डास कित्येक आठवडे संसर्गक्षम राहू शकतो. वाळलेल्या खपल्यांतही विषाणू महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून एकमेकांना टोचे मारणाऱ्या पक्ष्यांत डासांविनाही लागण होते.

वुड्रफ व गुडपाश्चर यांनी 1931 मध्ये हा विषाणू कोंबडीच्या गर्भयुक्त अंड्यात वाढविला. पुढील अनेक लसींची निर्मिती याच पद्धतीवर उभी राहिली. पुण्यात औंध येथील राज्य शासनाच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत कोंबड्यांच्या देवीची लस तयार होते. पावसाळ्यानंतर डास वाढण्यापूर्वी, बहुधा सहाव्या ते आठव्या आठवड्यात, दुहेरी सुईने पंखाच्या पडद्यात ती टोचतात. 7 ते 10 दिवसांत त्या जागी गाठ व खपली आल्यास लस उठली असे समजतात; बहुतांश पक्ष्यांत ती न दिसल्यास पुन्हा टोचावी लागते. विशिष्ट औषध नाही.