करंट कमी केला आणि चिमणी साफ झाली

मागच्या रविवारी मामेभाऊ आमच्या दांडिया बाजारातल्या घरी जेवायला आला होता, तो थर्मल पॉवर स्टेशनात इन्स्ट्रुमेंटेशनला आहे, आणि वरण-भात कालवता कालवता म्हणाला की आज ईएसपीच्या (धुरातली राख विजेने पकडणारं यंत्र) एका फील्डचा, म्हणजे एका भागाचा, करंट निम्म्यावर आणला तर चिमणीतली धूळ उलट कमी झाली. मी म्हटलं, दादा असं कसं? म्हणाला, अगं आपल्या कोळशाची राखच तशी आहे.

मग मी त्याला सोडलंच नाही. महीकाठच्या वणाकबोरीची 210 मेगावॉटची युनिटं आपण बडोद्याचे लोक लहानपणापासून ऐकतो, पण असं एक युनिट फुल लोडवर तासाला साधारण 140 टन कोळसा खातं, त्यात 35-40 टक्के राख, म्हणजे तासाला 50 टनांच्या आसपास, आणि बहुतेक सगळी धुरासोबत उडणारी! ती पकडायला ईएसपी. लोखंडी प्लेटांच्या रांगा, मधे तारा, तारांना 40 ते 70 हजार व्होल्ट निगेटिव्ह डीसी. राखेचे कण चार्ज होऊन प्लेटला चिकटतात, मग हातोडे प्लेटा ठोकतात (त्याला रॅपिंग म्हणतात) आणि राख खाली हॉपरमध्ये, म्हणजे नरसाळ्यासारख्या टाकीत. 1908 मध्ये अमेरिकेत फ्रेडरिक कॉट्रेल यांना याचं पेटंट मिळालं.

तारांचं व्होल्टेज सांभाळणाऱ्या जुन्या कंट्रोलरला एकच गोष्ट यायची, व्होल्टेज चढवत जा, स्पार्क पडला की जरा उतर, परत चढ. जास्त सल्फरच्या कोळशाला हे चालून जातं कारण सल्फरमधून बनणारा वायू राखेवर बसतो आणि तिच्यातून करंट थोडा वाहू लागतो. आपल्या कोळशात सल्फर अर्ध्या टक्क्याच्या आसपास, त्यामुळे राख अगदी इन्सुलेटर. प्लेटवर जमलेल्या थरातून करंट पार होत नाही, थरातच व्होल्टेज साचत जातं आणि शेवटी थर जागोजागी फुटतो, त्या भोकांतून पॉझिटिव्ह आयन उलटे बाहेर येतात आणि एवढ्या मेहनतीने चार्ज केलेल्या कणांचा चार्ज मारून टाकतात. हा बॅक कोरोना. मीटरवर करंट मस्त दिसतो, वीज जळत राहते आणि धूळ सरळ चिमणीत.

नवे कंट्रोलर इथे खरंच हुशार आहेत. 50 हर्ट्झच्या सप्लायमध्ये सेकंदाला 100 अर्ध्या लाटा येतात, त्या सगळ्या न देता कंट्रोलर 3 पैकी 1 किंवा 5 पैकी 1 देतो, मधल्या वेळात थराला साचलेला चार्ज सोडायला फुरसत मिळते. आकडा नेहमी विषमच, कारण मग एक लाट पॉझिटिव्ह तर पुढची निगेटिव्ह अशी येते आणि ट्रान्सफॉर्मरचं लोखंड एकाच दिशेने चुंबकित होऊन सॅच्युरेट होत नाही. मला हे फार आवडलं. कोणता आकडा ठेवायचा ते तो दोन लाटांमधलं सगळ्यात खालचं व्होल्टेज बघून ठरवतो, करंट वाढवल्यावर ते पडायला लागलं की समजायचं बॅक कोरोना सुरू झाला.

रॅपिंगचंही तसंच. सतरंजी सारखी झटकत बसलं तर धूळ घरभर होते, थोडी जमू दिली तर ढेकूळ होऊन खाली पडते. म्हणून पहिल्या फील्डला, जिथे सगळ्यात जास्त राख बसते, काही मिनिटांनी ठोका आणि शेवटच्याला काही तासांनी, आणि सगळ्या फील्डना एकदम तर कधीच नाही.

हे सगळं हाताने होत नाही का? पूर्वी व्हायचं. पण डिसेंबर 2015 मध्ये केंद्राने चिमणीतून बाहेर पडणाऱ्या धुळीवर मर्यादा घातली, 2003 पर्यंतच्या युनिटला घनमीटरला 100 मिलिग्रॅम, 2004 ते 2016 च्या युनिटला 50, त्यानंतरच्याला 30. आणि आता दुपारी सोलर भरपूर म्हणून युनिटचा लोड खाली, संध्याकाळी परत वर, त्यासोबत गॅसचं तापमान बदलतं, आणि राखेचा रेझिस्टन्स 150 डिग्रीच्या आसपास सगळ्यात जास्त असतो, म्हणजे सकाळी बरोबर बसवलेलं सेटिंग संध्याकाळी चुकीचं. आठ-दहा फील्ड, प्रत्येकाचं वेगळं, ऑपरेटर किती बघणार?

दादा जेवून उठला तेव्हा सात वाजत आले होते, लोड चढायची वेळ, हात धुता धुता त्याने शिफ्टवाल्याला फोन लावला आणि फक्त एवढंच विचारलं, पहिलं फील्ड 5 वर गेलं का 3 वरच आहे?