हिरडी दुखत नाही, हीच पंचाईत

दाढ किडली की माणूस रात्रभर तळमळतो आणि सकाळी दवाखाना गाठतो. हिरडीचा आजार, म्हणजे आपला पायोरिया, तसा तळमळवत नाही. पू झालाच तर हिरडीच्या कडेने झिरपून जातो. आत दाब साठत नाही, म्हणून ठणकाही नाही. खाली हाड मात्र वर्षानुवर्षं झिजत राहतं. भाकरीचा कडक काठ चावताना दात हलला, की मग लक्ष जातं.

त्याआधीची ठळक खूण म्हणजे हिरडीतून येणारं रक्त. तीही बिडी ओढणाऱ्यात दडते. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हिरडी वरून घट्ट, धडधाकट दिसते. मिश्रीची तऱ्हा वेगळी. तव्यावर भाजलेली तंबाखू घासली की तात्पुरतं बरं वाटतं, आणि काळ्या थराखाली कीटण झाकून जातं. बीडकडच्या ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात, परततात उन्हाळ्यात. तोवर सुजलेली हिरडी दुखीच्या गोळीवर निघते.

उशीर दवाखान्यातही होतो. हा आजार नुसता बघून कळत नाही, मोजावा लागतो. मिलिमीटरच्या खुणा असलेला, बोथट टोकाचा प्रोब हिरडी आणि दाताच्या फटीत 20-25 ग्रॅम इतक्याच जोराने सरकवायचा. 3 मिलिमीटरपर्यंत ठीक. 4 किंवा जास्त खोल गेला आणि रक्त आलं, तर तिथे पॉकेट, म्हणजे हिरडी दातापासून सुटून पडलेली खोल खाच, झाल्याचा संशय धरायचा. हात जड पडला तर आकडा फुगतो, प्रोब कीटणाला अडला तर कमी येतो. दर दाताला 6 जागा, म्हणजे 28 दातांचे 168 आकडे. गर्दीच्या ओपीडीत दुखऱ्या दातापलीकडे कोण जाणार? एक्स-रेवर भिस्त ठेवावी, तर हाडातली साधारण 30 ते 40 टक्के खनिजं गेल्याशिवाय झीज त्यात नीट उमटत नाही.

शुगरवाल्यांची आणखी फरफट. वाढलेल्या शुगरने हिरडी बिघडते, बिघडलेल्या हिरडीने शुगर आवरत नाही. पण शुगर तपासताना तोंड उघडायला सहसा कुणी सांगत नाही.

‘सफाई केली की दात हलतात’ या भीतीनेही वर्षं जातात. हाड आधीच गेलेलं असतं. दातांना जखडून बसलेलं कीटण निघालं की हलणं जाणवतं, एवढंच. सफाईनंतर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजतात. पहिले आकडे केसपेपरवर लिहून घेतलेले नसतील, तर पॉकेट भरतंय की खोल जातंय, हे तेव्हा डॉक्टरलाही सांगता येत नाही.