बूट रखडतंय म्हणून इनिट_ऑन_अलॉक बंद करू नका

मोठा सर्व्हर बूट व्हायला वेळ घेतोय म्हटलं की कुणीतरी लगेच सांगतं, ‘इनिट_ऑन_अलॉक=० टाक,’ म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) मेमरी देण्याआधी ती पुसतो तो पर्याय बंद कर. नागपुरात मिहानमध्ये मशीन सांभाळणाऱ्या पोरांपासून कॉलेजातल्या लिनक्सवाल्यांपर्यंत हाच सल्ला फिरतोय. त्याने बूटचा वेळ वाचत नाही, सुरक्षा मात्र जाते.

पान म्हणजे मेमरीचा छोटा तुकडा, आणि पान शून्य करणं म्हणजे त्यातला जुना डेटा पुसणं: एकाचा डेटा दुसऱ्याच्या हाती पडू नये म्हणून कर्नल पान पुसून देतो. युझर प्रोसेसला पेज फॉल्टवर (पान पहिल्यांदा वापरायला गेल्यावर) नवीन पान मिळतं ते नेहमीच पुसलेलं असतं, हा पर्याय असो वा नसो. लिनक्स ५.३ मध्ये (२०१९) आलेला इनिट_ऑन_अलॉक तेच कर्नलच्या स्वतःच्या वाटपालाही लावतो.

बूटमध्ये अडतं ते स्ट्रक्ट पेज. ४ केबीच्या प्रत्येक पानामागे कर्नल साधारण ६४ बाइटची नोंद ठेवतो. १ टीबी रॅम म्हणजे २६ कोटी ८४ लाख पानं, नुसत्या नोंदीच १६ जीबी! नागपूरच्या बेशाकडचा एखादा लेआउट डोळ्यापुढे आणा. रजिस्टरात नोंद सगळ्या प्लॉटांची करावी लागते, विकलेल्या आणि पडीकही. गाजरगवत मात्र बांधायला काढलेल्या प्लॉटावरचंच उपटायचं. नोंदींचा खर्च बसवलेल्या रॅमवर ठरतो आणि बूटमध्येच द्यावा लागतो. पुसण्याचा खर्च वापरलेल्या मेमरीवर, वापराल तेव्हा. गवत उपटणं थांबवलं म्हणून रजिस्टर लवकर भरत नाही. गोंधळ होतो तो नेमका इथे.

नोंदींवरचा इलाज वेगळा आहे. पूर्वी बूट करणारा एकटा सीपीयू सगळ्या नोडच्या (नोड म्हणजे काही सीपीयू आणि त्यांच्या जवळची रॅम) नोंदी लिहायचा, दूरच्या नोडच्याही. कर्नल डेव्हलपर मेल गोरमन यांच्या कामामुळे ४.२ पासून (२०१५) सुरुवातीला लागतील तेवढ्याच नोंदी आधी होतात. उरलेल्या नोंदी प्रत्येक नोडचा आपला थ्रेड एकाच वेळी लिहितो. ५.८ पासून (२०२०) एका नोडवरही अनेक थ्रेड लागतात. कर्नल स्वतः बांधत असाल तर त्यासाठीचा कॉन्फिग_डिफर्ड_स्ट्रक्ट_पेज_इनिट हा पर्याय चालू आहे का, ते आधी बघा.

आणि अंदाजाने बोलू नका, डीमेसेज (कर्नलचा बूट-लॉग) उघडा. ‘नोड ० डिफर्ड पेजेस इनिशिअलाइज्ड इन’ या ओळीपुढचे मिलिसेकंद नोंदींचे. ‘मेम ऑटो-इनिट’ ही ओळ पुसण्याची. तिथे हीप अलॉक, म्हणजेच इनिट_ऑन_अलॉक, ऑन दिसला तर तसाच राहू द्या. कर्नलच्याच मदत-मजकुरात बहुतेक कामांवर त्याचा भार १ टक्क्याहून कमी सांगितलाय. मेमरी परत येताना पुसणाऱ्या इनिट_ऑन_फ्रीचा ३ ते ५ टक्के आहे, तो मी सरसकट लावत नाही.

दोन्ही ओळी ठीक असूनही स्क्रीन मिनिटभर काळीच राहत असेल, तर तो वेळ बहुधा फर्मवेअर रॅम तपासण्यात घालवतोय. तिथवर कर्नल सुरूच झालेला नसतो, त्याचा कुठलाही पर्याय तिथे लागू पडत नाही.