चष्मा गेला तरी डोळा मायनसचाच राहतो

नागपुरात लग्न ठरलं किंवा भरतीचा फॉर्म निघाला की पोरं-पोरी धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत चौकशीला येतात, डॉक्टर चष्मा घालवायचं लेझर करून द्या न, किती वेळ लागते? (भरतीवाल्यांनी आधी नियम वाचा बरं, काही भरत्यांमधे लेझर केलेला डोळा चालतच नाही.) लेझर एका डोळ्यावर बहुतेक वेळा मिनिटभरही चालत नाही. पण ते कोणाला करायचं आणि कोणाला नाही हे कळायला डॉक्टरची बरीच वर्षं जातात, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग नीट पीजीची परीक्षा, मग तीन वर्षं डोळ्यांचं एमएस, आणि बरेच जण त्याच्यापुढं कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, फेलोशिप.

मी मेडिकल कॉलेजला एमएस करत होतो तेव्हा सगळ्यांसारखी मलाही ऑपरेशनची घाई होती, पण सुरुवातीला हातात आला रेटिनोस्कोप, म्हणजे चष्म्याचा नंबर काढायचं यंत्र. अंधाऱ्या खोलीत पेशंटच्या डोळ्यात प्रकाशाची पट्टी टाकायची, ती हलवायची आणि बाहुलीतनं परत येणारी लाल चमक पट्टीसोबत सरकते की उलट दिशेनं ते बघायचं, मग समोर एकेक भिंग बदलत जायचं, चमक सरकायची थांबून पूर्ण बाहुली एकदम उजळली की ते भिंग लिहून घ्यायचं, आणि 66 सेंटिमीटरवर बसला असाल तर त्यातनं दीड नंबर वजा करायचा. पेशंटनं एक शब्दही बोलायची गरज नाही. म्हणून तर तीन वर्षांच्या लेकराचाही नंबर काढता येतो, बाहुली मोठी करायचं औषध टाकून. आणि तो त्याच वयात काढायला पाहिजे, कारण एका डोळ्याचा नंबर जास्त असला आणि चष्मा लागला नाही तर मेंदू त्या डोळ्याचं धूसर चित्र घेणंच सोडतो. सात-आठ वर्षांनंतर ही नजर परत आणणं फार अवघड जातं. लेकरू तक्रारही करत नाही, कारण दुसऱ्या डोळ्यानं त्याला सगळं दिसत असतं, त्यामुळं शाळेत घालायच्या आधी एकदा तरी डोळे दाखवाच.

या कॉर्नियाची किंमत मला कापसाच्या हंगामात कळली. वर्धा-यवतमाळकडनं शेतकरी यायचे, पऱ्हाटीची काडी डोळ्याला लागलेली, आणि गावातच दुकानातनं कोणते तरी ड्रॉप घेऊन टाकलेले. काडीसोबत बऱ्याचदा डोळ्यात बुरशी जाते, आणि त्या ड्रॉपमधे स्टेरॉइड असलं की ती अजून फोफावते. कॉर्निया पारदर्शक असतो कारण त्यातले कोलॅजनचे धागे एकदम शिस्तीत लागलेले असतात आणि त्यात रक्तवाहिन्या नसतात. जखम भरते पण धागे तसे परत बसत नाहीत, पांढरा डाग राहतो आणि मधोमध असला तर चष्म्यानं काहीच होत नाही, मग नेत्रदानातनं मिळालेला कॉर्नियाच लावावा लागतो.

आता लेझर याच पडद्यावर मारायचं असतं. त्याची सुरुवात अशी, 1981 मधे अमेरिकेत आयबीएम या कॉम्प्युटर कंपनीच्या लॅबमधे मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन यांनी थँक्सगिव्हिंग सणाच्या जेवणातलं उरलेलं टर्की पक्ष्याचं मांस एक्सायमर लेझरखाली धरलं, तर काप एकदम स्वच्छ आला, बाजूला भाजल्याची खूण नाही. 193 नॅनोमीटरचा हा अतिनील किरण रेणूंचे बंध तोडतो आणि वरचा अगदी पातळ थर उडवतो, खालच्या थराला जवळजवळ उष्णता लागत नाही.

पण उडवायला कॉर्निया पुरला पाहिजे. मधोमध त्याची जाडी साधारण 540 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असते, लॅसिक या लेझर ऑपरेशनमधे आधी उचलायचा वरचा पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, 110 च्या आसपास, आणि एका नंबरमागं अंदाजे 12 ते 15 मायक्रॉन उडतात. समजा मायनस सहा आहे आणि जाडी 480, तर खाली जेमतेम 280 ते 298 उरतात, आणि मला 300 च्या वर पाहिजेत, म्हणजे लॅसिक नाही. कॉर्निया कमजोर राहिला तर पुढं फुगत जातो. टोपोग्राफीत, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराच्या नकाशात, केरॅटोकोनसची (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढं येण्याची) शंका आली, वय 18 च्या खाली असलं, किंवा वर्षभरात नंबर बदलला असला तरी माझं उत्तर नाहीच असतं, पेशंट दुसरीकडं गेला तरी चालेल.

आणि जमलं तरी एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. मायनस नंबर बहुतेकांना डोळा लांब झाल्यानं येतो, नेहमीचा डोळा मागंपुढं साधारण 24 मिलिमीटर, त्यात एक मिलिमीटर वाढला की अडीच-तीन नंबर. लेझर समोरचा कॉर्निया चपटा करून प्रकाश रेटिनावर, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, आणतं, लांबी तेवढीच राहते, रेटिना ताणलेला आणि पातळ तो तसाच राहतो. म्हणून चष्मा गेल्यावरही वर्षातनं एकदा बाहुली मोठी करून रेटिना तपासून घ्यायचा, आणि मधेच अचानक खूप काळे ठिपके दिसायला लागले, विजेसारखी चमक आली किंवा एका बाजूनं पडदा सरकल्यासारखं वाटलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी यायचं.