लाठी, दंडुका बाळगणे (भारतातला कायदा)

घरात लाठी किंवा काठी ठेवायला भारतात लायसन्स लागत नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 2 मधे शस्त्र कशाला म्हणायचं ते दिलंय आणि तिथेच लाठी, चालायची साधी काठी अशा निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापराच्या वस्तू नाव घेऊन वगळल्यात. त्यामुळे मेंढरांमागे जाणारा धनगर असो की रात्रीच्या लाईटीवर पिकाला पाणी द्यायला निघालेला शेतकरी, त्याच्याकडे काठीचा परवाना कुणी मागू शकत नाही, आणि हे योग्यच आहे.

स्टील बॅटनचं मात्र तसं नाही आणि लोक फसतात ते इथेच. झटका दिला की लांब होणारा फोल्डिंग बॅटन ऑनलाईन मिळतो, मग वाटतं ही पण काठीच की! पण शस्त्र नियमांच्या परिशिष्टात पाचव्या वर्गात तलवार, गुप्ती, खंजीर, भाला यांच्या पंगतीत स्टील बॅटन नावानिशी बसवलाय. या वर्गाला लायसन्स कुठे लागणार ते शस्त्र अधिनियमाच्या कलम 4 खाली केंद्र सरकारने नोटिफाय केलेल्या भागावर ठरतं, म्हणून विकत घेण्याआधी पोलीस स्टेशनला विचारून घ्यावं.

महाराष्ट्रात अजून एक गोष्ट आहे, मनाई आदेश. सण, निवडणूक, मोर्चे असले की पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37(1) खाली आदेश काढतात, सहसा 15 दिवसांचा, आणि त्यात तलवारी, बंदुकांच्या बरोबरीने सोटे, लाठ्या, काठ्या पण असतात. म्हणजे काल चालणारी लाठी आज रस्त्यावर घेऊन फिरलात तर कलम 135 खाली 1 वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ज्यांना शारीरिक दुर्बलतेमुळे काठी लागते त्यांना बऱ्याच आदेशांत सूट असते. पण असा आदेश पेपरात कोपऱ्यात छापून येतो, सामान्य माणसाला पत्ताच नसतो, तो चौकाचौकात मोठ्या अक्षरात लावायला हवा.

वापराचं बोलायचं तर भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण बचावाला लागेल तेवढंच बळ वापरायचं. चोर पकडून खांबाला बांधल्यावर त्याला दंडुक्याने झोडपलं तर तो बचाव नाही, मारणाऱ्यावरच गुन्हा दाखल होतो.